शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातली हवा: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात शॅमेलिऑनबद्दलची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याबद्दलची, पत्रं इतकी आली, की सगळं सदर त्यांनाच देते आहे. मी परेलच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता शिकागोजवळच्या एका दवाखान्यात पक्षी आणि सरपटणारे प्राणी तपासते. थंडी सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच शॅमेलिऑनांचं दुखणं हवेशी निगडित असतं. कुणाच्या पिंजऱ्यात ती अगदीच कोरडी असते, तर कुणाच्या पिंजऱ्यात चोवीस तास ओली. दोन्हींमुळे हा प्राणी खंगतो. दोन्हींवर घरच्या घरी, फार पैसे न घालवता उपाय करता येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी तासगावचा द्राक्षबागायतदार. सध्या मुलाकडे मिनिआपोलिसला आलोय. मुलगा-सूनबाई कामावर आणि नातू शाळेत, त्यामुळे नातवाचा सरडा दिवसभर माझ्या ताब्यात असतो. येमेनी जातीचा नर आहे, दीड वर्षाचा. पिंजरा जाळीचा, दोन बाय दोन बाय चार फुटी. आत लावलेलं यंत्र आर्द्रता १४ टक्के दाखवतं. नातू म्हणतो ६० पाहिजे. म्हणून मी दर तासाला फवारा मारतो. आकडा वर चढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा खाली येतो. खालचं कार्पेट भिजलंय, सरडा डोळे मिटून बसतो. नक्की किती टक्के पाहिजे, आणि ते टिकवायचं कसं?

काका, नमस्कार. आधी एक करा: दर तासाचा फवारा आजपासून थांबवा. अंगावर पाणी आलं की शॅमेलिऑन डोळे मिटून घेतो, आणि तुमचा सरडा दिवसभर तेच करतोय असं मला वाटतं. फवारा थांबल्यावरही दोन दिवसांत तो दिवसा डोळे उघडून इकडंतिकडं बघायला लागला नाही, तर मात्र वाट न पाहता त्याला सरीसृप तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या. दिवसाउजेडी डोळे मिटणारा शॅमेलिऑन बरा नसतो.

आता ६० टक्क्यांचं. हा आकडा चोवीस तास धरून ठेवायचा नसतोच. येमेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं, पण ही जात राहते ती त्या देशाच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर, ताइझ आणि इब्बच्या बाजूला. तिथं पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे आणि पाऊसही आहे. इब्बला तर तिकडे हिरवा प्रांतच म्हणतात. तिथं दिवसा ऊन पडतं आणि हवा कोरडी होते. रात्री गारठा पडला की हवेतलं बाष्प दव होऊन पानांवर उतरतं, धुकंही येतं. सरडा रात्रभर ती ओली, गार हवा श्वासात घेत झोपतो, पहाटे पानांवरचं दव चाटतो आणि ऊन वर आलं की कोरडा होतो. पेत्र नेचास या चेक सरीसृपतज्ज्ञांनी पाळीव शॅमेलिऑनसाठी रात्रीच्या धुक्याचा आग्रह धरला तो यामुळेच. माझ्या कामातही मला ते पटलं आहे. तेव्हा येमेनी सरड्यासाठी दिवसा ३० ते ५० टक्के पुरेत. रात्री मात्र ८० च्या वर, अगदी १०० पर्यंत गेली तरी हरकत नाही. अट एकच, रात्री गारवा हवा.

तुम्ही बागायतदार आहात, त्यामुळे पुढचं तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. पान रात्री दवानं भिजलं आणि सकाळच्या उन्हानं, वाऱ्यानं सुकलं, तर बागेला फार धोका नसतो. ढगाळ हवेत पान दिवसभर ओलं राहिलं की डाउनी हा बुरशीचा रोग आलाच म्हणून समजायचं. सरड्याच्या फुप्फुसाचंही तसंच आहे. रात्रीचा ओलावा त्याला मानवतो. दिवसभर उबदार, ओल्या, कोंडलेल्या हवेत ठेवलं तर जंतू वाढतात आणि छाती भरते.

यंत्र १४ टक्के का दाखवतं, तेही सांगते. मिनेसोटात बाहेर उणे १५ अंश असताना एका घनमीटर हवेत जेमतेम दीड ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली, की तिच्यात १८ ग्रॅम मावण्याची जागा होते, पण बाष्प तेवढंच राहतं. म्हणजे जवळपास ८ टक्के. तुमच्या श्वासाचं, आंघोळीचं, स्वयंपाकाचं बाष्प मिसळून ती १४ वर आली आहे. यंत्र खरं बोलत असण्याचीच शक्यता जास्त.

तरीही ते तपासून घ्या, कारण स्वस्तातली यंत्रं दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी त्यात घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि यंत्र एका झिपच्या पिशवीत घालून ती घट्ट बंद करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. बंद जागेतलं ओलं मीठ हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. सकाळी यंत्रानं ७० दाखवलं तर ते ५ कमी सांगतं, तेवढे रोज मिळवायचे. काट्याचं गोल यंत्र असेल तर ते बाजूला ठेवून डिजिटल आणा. ते दिव्याजवळ टांगू नका. सरडा ज्या फांदीवर झोपतो, तिच्या पातळीवर, सावलीत लावा. दिव्याखाली ३० अंशांत जी हवा २५ टक्के भरते, तीच १८ अंशांत ५० च्या आसपास दिसते. यंत्र कुठं लावलंय हे माहीत नसेल, तर नुसत्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

तुमचा ओलावा टिकत नाही याचं कारण जाळी. चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा ह्यूस्टनला चालतो. मिनेसोटाच्या हिवाळ्यात मात्र तुम्ही पिंजऱ्यात घातलेलं पाणी सगळ्या खोलीला वाटून टाकता. मागची आणि दोन्ही कडेची बाजू बाहेरून जाड, पारदर्शक प्लॅस्टिकनं बंद करा. हार्डवेअरच्या दुकानात वारावर मिळतं. समोरची बाजू आणि वरची जाळी मोकळी राहू द्या. दिव्यानं तापलेली हवा वरून निघते आणि समोरून, खालच्या अंगानं ताजी हवा आत येते. ही हालचाल बंद पडता कामा नये. दिव्याच्या आसपास प्लॅस्टिक अजिबात नको, आग लागते. पिंजरा हीटिंगच्या झरोक्यासमोर असेल तर खोलीच्या दुसऱ्या भिंतीला हलवा. नुसत्या एवढ्यानंही आकडा बराच चढलेला दिसेल.

आत खरी झाडं ठेवा: मनीप्लांट, जास्वंद, फायकस. पानं बाष्प सोडतात आणि त्यांच्या आड हवा जरा स्थिर राहते. येमेनी शॅमेलिऑन पानं खातोही, म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड धुऊन घ्या, आणि त्यावर कीटकनाशक मारलेलं असेल तर काही आठवडे बाहेरच ठेवा. औषध फवारल्यावर काढणीआधी किती थांबायचं, तो काळ तुम्हाला मी वेगळा सांगायला नको. कुंडीतली माती मोठ्या गोट्यांनी झाका, सरडा ती खातो.

आता दिनक्रम. दिवे लागण्याआधी पहाटे कोमट पाण्याचा दोन-तीन मिनिटं फवारा, पानांवर आणि भिंतींवर. मग दिवे लावा आणि दुपारपर्यंत सगळं सुकू द्या. संध्याकाळी दिवे गेले की पुन्हा तेवढाच. मध्यरात्र ते पहाट गार धुकं सोडणारं यंत्र टायमरवर चालवा, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, पण ते झोपायच्या जागेचं तापमान २० अंशांच्या खाली उतरत असेल तरच. तिकडच्या थर्मोस्टॅटवर ६८ फॅरनहाइट म्हणजे आपले २० अंश सेल्सिअस. त्या खोलीपुरतं रात्री ६४-६५ वर आणता आलं तर उत्तम. प्रौढ येमेनी सरड्याला रात्री १८ अंश सोसतात, इतकंच नाही, त्याला त्याची गरज असते. खोली रात्रभर उबदार राहणार असेल तर धुकं नको, संध्याकाळच्या फवाऱ्यावर भागवा.

पिंजऱ्याखाली ट्रे ठेवा आणि त्यातून नळी बादलीत सोडा. कार्पेट वाळेपर्यंत पिंजरा तिथं ठेवू नका, खाली बुरशी धरते. सगळं घरच दमट करायच्या फंदात मात्र पडू नका. बाहेर इतकी थंडी असताना घरात ४० टक्के केले तरी खिडक्यांच्या काचा निथळायला लागतात आणि लाकडी चौकटी कुजतात.

डॉक्टर, आम्ही ह्यूस्टनला राहतो. आमच्याकडे अंबान्जाचा पँथर शॅमेलिऑन आहे, नाव पाचू. एसीमुळे हवा कोरडी होते म्हणून यजमानांनी काचेची मोठी टाकी घेतली, तळाला माती आणि झाडाच्या सालीचा थर घातला. आर्द्रता कायम ८५ च्या वर असते, काचेवर दिवसभर पाण्याचे थेंब दिसतात. गेल्या आठवड्यापासून पाचू मान वर करून बसतो, आणि श्वास घेताना बारीक 'टक्' असा आवाज येतो. सासूबाई ओव्याची धुरी देऊ म्हणतात. देऊ का?

धुरी देऊ नका. ओवा, निलगिरी, कापूर, उदबत्ती, काहीच नको. सासूबाईंची काळजी खरी आहे, आणि माणसाच्या बाळाला बरं वाटावं म्हणून पिढ्यान्पिढ्या केलेला तो उपाय आहे हे मी जाणते. पण या प्राण्याची फुप्फुसं फार नाजूक असतात, धूर त्यांना सोसत नाही.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, वर केलेली मान आणि श्वासाबरोबरचा टक्-टक् आवाज, श्वसनमार्गाच्या संसर्गाची आहेत. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत उशीर होऊ नये म्हणून हे उत्तर मी तुम्हाला आधीच कळवलं आहे. इतरांसाठी इथं देते. सरीसृपांना आपल्यासारखा पडद्याचा स्नायू, म्हणजे श्वासपटल, नसतो. त्यामुळे त्यांना जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, तो आतच साठतो. म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. डॉक्टर बहुधा एक्स-रे काढतील, घशातला नमुना घेऊन कुठले जंतू आहेत ते पाहतील आणि त्याप्रमाणे अँटिबायोटिक देतील. ते सांगतील तितके दिवस पूर्ण द्या. आवाज थांबला म्हणून औषध थांबवलं की दुखणं उलटतं, आणि उलटलेलं दुखणं जास्त हट्टी असतं. तोंडाच्या कडेला फेस किंवा चिकट धागे दिसले, किंवा तोंड उघडं ठेवूनच श्वास चालला असेल, तर त्याच दिवशी न्या. (दिव्याखाली बसून तोंड उघडलं असेल तर ते कधी कधी नुसतं उकाड्यानंही असतं. दिव्यापासून दूर, गार जागीही तसंच चालू असेल तर ते दुखणं.)

टाकी टाकून द्यायला नको. युरोपात काचेच्या घरांत शॅमेलिऑन वर्षानुवर्षं चांगले जगतात, कारण त्या घरांना समोर खाली हवेची पट्टी असते आणि वर पूर्ण जाळी. तुमच्या टाकीत खालून हवा यायला वाट आहे का, ते पाहा. नसेल तर समोरच्या दारांच्या खाली फट करून घ्या, किंवा वरच्या जाळीवर संगणकातला छोटा पंखा बाहेर हवा फेकेल असा बसवा. तळातली माती आणि साल आज काढा. तो थरच दिवसभर वाफ सोडत राहतो आणि त्यातच बुरशी वाढते. तळ मोकळा, पुसता येईल असा ठेवा. काच दुपारपर्यंत कोरडी झालीच पाहिजे, ती तुमची रोजची खूण.

अंबान्जा मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. तिथली रात्र ओलीच असते, पण किनाऱ्यावरचा वारा दिवसा पानं सुकवतो. पाचूला दिवसा ५० च्या आसपास पुरे, आणि एसी लावलेल्या ह्यूस्टनच्या घरात तेवढी बहुतेक आपोआपच असते. संध्याकाळी आणि पहाटे फवारा, बास. धुक्याचं यंत्र तुम्हाला लागणारही नाही. आजारपणात दिव्याखालची उबेची जागा नीट चालू ठेवा. अंगाला ऊब मिळाली तरच त्याची प्रतिकारशक्ती काम करते, औषधही लागू पडतं.

जाता जाता: ही पँथरची जात माणसानं मॉरिशसमध्येही नेऊन सोडली आहे. मॉरिशसमधल्या आमच्या मराठी वाचकांना ती बागेत दिसली तर बघावी, पण पिंजऱ्यात घालू नये.

डॉक्टरमावशी, मी सातवीत आहे, फीनिक्सला राहतो. माझ्या शॅमेलिऑनच्या शीचा पांढरा भाग आता केशरी येतो. त्याचे डोळे आत गेल्यासारखे दिसतात. पण ह्युमिडिटी ५५ आहे आणि मी त्याला वाटीत रोज ताजं पाणी ठेवतो. मग तो तहानलेला कसा?

तू शीकडे नीट लक्ष दिलंस, म्हणून हे वेळेवर कळलं. तो पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी, घट्ट झालेली. पुरेसं पाणी पोटात गेलं तर ती पांढरी असते, टोकाला थोडी पिवळट झाली तरी चालतं. सगळी केशरी म्हणजे त्याला पाणी कमी पडतंय. बरेच महिने असं चाललं तर मूत्रपिंडं बिघडतात, सांधे सुजतात.

हवेतला ओलावा अंगातलं पाणी लवकर उडू देत नाही, पण त्यानं तहान भागत नाही. पाणी प्यावंच लागतं. आणि वाटीतलं शांत पाणी पिण्याचं असतं हे बऱ्याच शॅमेलिऑनांना समजतच नाही. त्यांना हलणारा, चमकणारा थेंब दिसावा लागतो. प्लॅस्टिकच्या ग्लासाला बुडाशी टाचणीनं बारीक भोक पाड, पाणी भर आणि वरच्या जाळीवर अशा जागी ठेव, की थेंब एका रुंद पानावर पडेल आणि पुढं आणखी दोन पानांवरून ओघळेल. खाली भांडं ठेव. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं चालू दे आणि तू खोलीच्या बाहेर जा. कुणी टक लावून पाहत असेल तर पुष्कळ शॅमेलिऑन पाणी पीत नाहीत. तोंडावर फवारा मारून पाजायचा प्रयत्न करू नकोस, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याच्या नाकतोड्यांना आणि झुरळांना गाजराचे तुकडे, हिरवा पाला दे, त्यांच्यातूनही त्याला पाणी मिळतं.

डोळे आत गेलेले मात्र मला आवडलेलं नाही. त्याला इतरही कारणं असतात. थेंबाचं पाणी सुरू करून दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा त्यानं खाणं सोडलं, तर आईबाबांना सांग आणि तिघं मिळून त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. त्याची ताजी शी छोट्या डबीत घालून बरोबर ने.

ताई, वर्ध्याजवळ आमच्या शेताच्या रस्त्यावर मला घोयरा सापडला. गावातले लोक विषारी म्हणून मारत होते, मी वाचवला. सध्या माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवलाय, रोज पाणी शिंपडतो. आर्द्रता किती ठेवू?

तू त्याला वाचवलंस याचं मला फार बरं वाटलं. आता त्याला सोड, आजच, जिथं सापडला त्याच्या जवळच्या झुडपात, रस्त्यापासून दूर आणि ऊन उतरल्यावर.

घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर हेच राहील. हा प्राणी विदर्भाच्या झुडपी रानाचा, उन्हाचा आणि वाऱ्याचा आहे. काचेच्या बंद पेटीत रोज शिंपडलेल्या पाण्यानं त्याची छाती भरायला वेळ लागत नाही. तो जखमी असेल, रक्त येत असेल, पाय मोडलेला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. तोवर हवा जाईल अशा खोक्यात, एका फांदीवर, सावलीत ठेव, पाणी-बिणी शिंपडू नकोस.

आणि गावात सांग की घोयरा विषारी नाही. त्याच्या लाळेनं किंवा फुत्कारानं कुणाला काही होत नाही. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, सावकाश चालते, रस्ता ओलांडताना गाडीखाली येते नाहीतर भीतीनं मारली जाते. तू एकट्यानं चार जणांना समजावलंस तरी तिथले घोयरे वाचतील.

भारतातून दुसऱ्या काही वाचकांनी परदेशी शॅमेलिऑनबद्दल विचारलं आहे, त्यांनाही इथंच सांगते. हे प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात येतात. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला शॅमेलिऑन कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो बहुधा रानातून पकडून, पिशवीत कोंबून आणलेला असतो, आणि त्याच्याबरोबर आलेले कितीतरी वाटेतच मेलेले असतात.

मॅडम, लंडनमध्ये राहतो. धुक्याचं यंत्र घेतल्यापासून पिंजऱ्याच्या पानांवर, काचेवर पांढरी भुकटी बसते. यंत्राला वासही येतो. गरम वाफेचं यंत्र घेऊ का?

गरम वाफेचं नको. त्यानं रात्री पिंजरा तापतो, आणि उबदार ओलावा म्हणजे वर ह्यूस्टनच्या पत्रात आहे तेच दुखणं. शिवाय नळीच्या तोंडाशी सरडा गेला तर भाजतो.

भुकटी लंडनच्या जड पाण्याची आहे. तुमचं यंत्र पाणी उकळत नाही, कंपनानं त्याचे सूक्ष्म कण करून हवेत सोडतं. पाण्यातला चुना त्या कणांबरोबर बाहेर पडतो, पानांवर बसतो आणि सरड्याच्या फुप्फुसातही जातो. यंत्रात नेहमी डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला. वास येतो याचा अर्थ टाकीत किंवा नळीत जंतूंचा चिकट थर बसला आहे, आणि तोच रात्रभर हवेत उडतो आहे. आज रात्री यंत्र बंद ठेवा. टाकी पांढऱ्या व्हिनेगरनं घासा. नंतर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकीतून आणि नळीतून फिरवून अर्धा तास ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि दोन्ही पूर्ण वाळवा. पुढं रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, टाकी उघडी ठेवून सुकवायची, आणि ही सगळी धुलाई आठवड्यातून एकदा. नळी मध्येच खाली लोंबत राहिली की तिच्या खोलगट भागात पाणी साचतं. ती यंत्राकडे उतरती ठेवा. इतकी निगा राखायला रोज वेळ मिळणार नसेल, तर धुकं न वापरता संध्याकाळी आणि पहाटे हातानं फवारा मारलेला शंभर पटींनी बरा.

डॉक्टर, टोरांटोहून लिहिते. आमची येमेनी मादी एकटीच असते, नर कधी आणलाच नाही. तरी पोट फुगलंय, आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे खाजवते. आर्द्रता कमी पडली म्हणून खाली ओल शोधते का?

नाही, ती अंडी घालायला जागा शोधते आहे. येमेनी मादीला नर नसला तरी अंडी होतात, पिल्लं न निघणारी. पिंजऱ्यातला फवारा वाढवू नका. तिला ओल हवी आहे ती हवेत नाही, पायाखाली.

निदान फूटभर रुंद आणि फूटभर खोल डबा घ्या, त्यात धुतलेली वाळू काठोकाठ नाही तरी बरीच वर भरा. वाळू इतकी ओली हवी, की मुठीत दाबली तर मूद राहील, पण बोटांतून पाणी ठिबकणार नाही. बोटानं तळापर्यंत बोगदा करून पाहा. ढासळला तर थोडं पाणी घाला. तळाशी पाणी साचलं तर वाळू बदला. डबा पिंजऱ्यात ठेवून बाजूनं कापड लावा, आणि ती खणायला लागली की त्या खोलीतली वर्दळ थांबवा. कुणी पाहतंय असं कळलं तर ती अर्धा खणलेला बोगदा सोडून देते आणि अंडी पोटातच अडतात.

कधी कधी ती रात्रभर बोगद्यात झोपते, ते चालतं. अंडी घालून झाली की ती स्वतः खड्डा बुजवते. मग तिला थेंबाचं पाणी जास्त वेळ द्या आणि कॅल्शियम लावलेले किडे खायला घाला. दोन-तीन दिवस खणूनही अंडी आली नाहीत, ती तळाशीच डोळे मिटून पडून राहिली किंवा फांदीची पकड सुटायला लागली, तर डबा, वाळू सगळं सोडून थेट दवाखाना गाठा. त्याच रात्री.